विकत आणलेल्या माणसांचा देश

ऊस एकदा तोडला की मग थांबता येत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे सांगायला नको. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वाळतो, वजन घटतं, रसातली साखर कमी होते. म्हणून तोड, वाहतूक आणि गाळप ही साखळी हंगामात रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. गुऱ्हाळ असो की कारखाना, नियम तोच. आता या चित्रात तीन बदल करून पाहा. हंगाम चांगला सहा-सात महिन्यांचा आहे. फडातला आणि चरकावरचा प्रत्येक माणूस मालकाने पैसे मोजून विकत आणलेला आहे. आणि त्याला पोटभर घालून जगवण्यापेक्षा तो मेल्यावर नवा आणणं मालकाला स्वस्त पडतं.

अठराव्या शतकातली सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत या हिशेबावर उभी होती. कॅरिबियन बेटांवर चरकाशेजारी एक धारदार कुऱ्हाड टांगून ठेवायची पद्धत होती. रात्रपाळीला ऊस सारणारी बाई पेंगली आणि बोटं रुळांत सापडली, तर बैल थांबेपर्यंत अख्खा देह आत ओढला जायचा. त्याआधी हात तोडून बाईला वाचवायचं, म्हणून ती कुऱ्हाड. पलीकडे चुलाणावर काहिलींची रांग, उकळता रस, आणि तिथेही झोपेने अर्धमेली झालेली माणसं.

नकाशात क्यूबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला नावाचं बेट दिसतं. १४९२ च्या डिसेंबरात कोलंबस तिथे उतरला तेव्हा तिथे ताइनो लोकांची वस्ती होती. सोन्याच्या खाणींतली वेठबिगारी, उपासमार आणि देवीसारख्या साथींनी ते दोन-तीन पिढ्यांत जवळपास संपले. १६९७ च्या तहात स्पेनने बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा फ्रान्सला देऊन टाकला. तीच सँ-दोमँग, आजचा हैती. आकाराने आपल्या कोकण विभागापेक्षाही थोडी लहान. पण १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी चाळीसेक टक्के आणि कॉफीपैकी निम्म्याहून अधिक एवढ्याशा जागेतून जात होती. नीळ आणि कापूस वेगळाच. बोर्दो आणि नाँत या फ्रेंच बंदरांतल्या व्यापाऱ्यांचे वाडे या पैशावर उठले.

माणसं येत आफ्रिकेतून. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण सहज वापरतो. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांचा भाव खरोखरच कवड्यांत ठरे. या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. युरोपीय कंपन्यांची जहाजं त्या पोत्यांनी भरून युरोपात नेत आणि गुलामांचे व्यापारी त्या पुन्हा आफ्रिकेला पाठवत, कारण तिथल्या बाजारात त्या चलन म्हणून चालत. भारतात विणलेलं आणि छापलेलं सुती कापडही याच व्यापारात माणसांच्या मोबदल्यात दिलं जाई. आपल्या हिंदी महासागराचा त्या अटलांटिकशी हा असा संबंध होता.

शतकभरात साडेसात लाखांहून अधिक माणसं सँ-दोमँगच्या धक्क्यांवर उतरवली गेली. १७८९ मध्ये जिवंत गुलामांची संख्या होती पाच लाखांच्या आसपास. इतकी माणसं आणून, त्यांना मुलंबाळं होऊनही जिवंत माणसं आणलेल्यांपेक्षा कमीच उरतात, याचा अर्थ वाचकाने लावावा. गोऱ्यांची संख्या तीसेक हजार. जवळपास तेवढेच ‘स्वतंत्र वर्णीय’, म्हणजे मुक्त झालेले काळे आणि मिश्र रक्ताचे लोक. यातल्या अनेकांचे स्वतःचे मळे होते आणि स्वतःचे गुलामही होते. पुढची कथा समजून घ्यायची तर ही गाठ लक्षात ठेवावी लागते: वर्ण आणि मालकी या दोन रेषा तिथे एकमेकींवर नीट बसत नव्हत्या.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ साली गुलामांसाठी कायदा केला, ‘कोद न्वार’ किंवा काळा कायदा. त्यात गुलामाला जंगम मालमत्ता ठरवलं होतं. दर आठवड्याला किती कसाव्याचं पीठ आणि किती खारवलेलं मांस द्यायचं, हे लिहिलं होतं आणि ते बहुतेक मालक देत नव्हते. पळून महिनाभर दडून राहिला तर कान कापायचे, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा देहदंड, हेही लिहिलं होतं आणि इथे मात्र मालक कायद्याच्याही पुढे जात. मळ्यांच्या वह्यांमध्ये माणसांच्या याद्या सापडतात: नाव, वय, कुठल्या मुलखातला, काय काम येतं, काय दुखणं आहे, आणि शेवटच्या रकान्यात किंमत. त्याच वहीत पुढे बैल आणि खेचरं. हा किमतीचा रकाना पुढे पुन्हा येणार आहे.

ऑगस्टमधले रविवार

१७८९ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असा जाहीरनामा निघाला. ही बातमी जहाजातून वसाहतीत पोचली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्थ काढला. मळेवाल्यांना त्यात पॅरिसच्या व्यापारी बंधनांतून सुटका दिसली. स्वतंत्र वर्णीयांना मताधिकार दिसला. त्यांच्यातला व्हँसाँ ओझे हा श्रीमंत व्यापारी १७९० मध्ये काही शे साथीदारांसह हत्यार घेऊन उभा राहिला. गुलामांना सोबत घ्यायला त्याने नकार दिला. १७९१ च्या फेब्रुवारीत ल काप शहराच्या चौकात त्याला चाकावर बांधून, हाडं मोडून मारलं. गोरे लोक या भांडणात इतके गुंतले होते, की जेवायच्या टेबलावर, मागे पंखा हलवत उभ्या असलेल्या माणसासमोर, समता आणि स्वातंत्र्यावर मोठमोठ्याने वाद घालत. त्या माणसालाही कान आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उत्तरेकडच्या सपाट प्रदेशात उसाचे मळे एकमेकांना लागून होते. मळ्यावरच्या गुलामांत एक वरचा थर असे: मुकादम, गाडीवान, घरगडी. गाडीवान मालकाला घेऊन गावोगाव फिरे, मुकादमाला रविवारी शेजारच्या मळ्यावर जायची मुभा असे. मालकाने ज्यांच्यावर भरवसा टाकला, तीच माणसं जाळं विणत होती. १४ ऑगस्ट १७९१ हा रविवार होता. त्या दिवशी एका मळ्यावर आसपासच्या मळ्यांचे दोनेकशे प्रतिनिधी जमले. तिथे एक कागद वाचला गेला: राजाने म्हणे गुलामांना आठवड्यातले तीन दिवस सुट्टी दिली आहे आणि स्थानिक गोरे ती दडवून ठेवताहेत. राजाने असलं काही केलं नव्हतं. पण अफवेचं काम अफवेने चोख बजावलं.

याच सुमारास ब्वा काइमाँच्या रानात रात्री व्होदू धर्माचा एक विधी झाला. दुती बूकमन हा गाडीवान त्याचा म्होरक्या होता, डुकराचा बळी दिला गेला, शपथा घेतल्या गेल्या. हैतीच्या लोकस्मृतीत ही रात्र शिवरात्रीसारखी जागती आहे. चित्रं, नाटकं, कविता सगळीकडे ती भेटते. माझं मत विचाराल तर त्या रात्रीपेक्षा मला रविवारची ती बैठक अधिक थरारक वाटते. शे-दोनशे मळे, हजारो माणसं, लिहिता-वाचता येणारे मोजके, पकडलं तर जिवंत जाळलं जाण्याची खात्री, आणि तरीही आठवडाभर गोऱ्यांच्या हाती पुरता सुगावा लागला नाही. दोन-चार जण घाईत आधीच उठले, पकडले गेले, त्यांनी कबुलीही दिली. गोऱ्यांना ती खरी वाटली नाही. गुलाम असा कट करू शकतात, हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

२२ ऑगस्टच्या रात्री उठाव झाला. मळ्यामागून मळे पेटत गेले. उसाचे फड, वाळलेल्या चिपाडांच्या गंजी, मालकांचे वाडे, चरक, काहिली, काहीच सोडलं नाही. ल काप शहरावर दिवसेंदिवस जळक्या चिपाडांची राख पडत होती. मालक-मालकिणी, पोरंबाळं मारली गेली. गोऱ्यांनीही सापडेल त्या काळ्या माणसाला, उठावात असो-नसो, फासावर चढवलं. दोनेक महिन्यांत हजारावर मळे जळून गेले. नोव्हेंबरात बूकमन लढताना पडला, त्याचं मुंडकं गोऱ्यांनी चौकात खांबावर लावलं. उठाव थांबला नाही.

थांबला नाही त्याला एक कारण असं, की या गुलामांतले निम्म्याहून जास्त आफ्रिकेत जन्मलेले होते आणि त्यातले कित्येक काँगोच्या यादवीत पकडलेले शिपाई होते. बंदूक कशी धरायची, झाडीतून छापा कसा घालायचा, माघार कधी घ्यायची, हे त्यांना युरोपीय कवायतीशिवायच येत होतं. गोऱ्यांनी मजूर म्हणून जे विकत आणलं होतं ते बऱ्याच अंशी एक विखुरलेलं सैन्य होतं.

आणि तरीही त्याच डिसेंबरात हे बंड विझण्याच्या बेतात आलं होतं. उपासमार सुरू झाली होती. झाँ-फ्राँस्वा आणि बियासू या पुढाऱ्यांनी गोऱ्यांकडे तहाचा निरोप धाडला. अट काय? काहीशे म्होरक्यांना मुक्त करा, बाकीच्यांना आम्ही समजावून पुन्हा मळ्यावर पाठवतो. गोऱ्यांनी नाक मुरडलं तेव्हा आकडा खाली आणला, साठाच्या आसपास. लाखभर माणसांचं बंड साठ माणसांच्या मुक्तीवर मिटवायला पुढारी तयार होते. मळेवाल्यांच्या सभेने तेही नाकारलं. गुलामांशी बोलणी कसली करायची, हा त्यांचा बाणा. इतिहासात असे क्षण फार नसतात, जिथे केवळ माजोरीपणाने एखाद्या वर्गाने स्वतःचा नाश ओढवून घेतला. या बोलण्यांमध्ये पुढाऱ्यांचा लेखनिक आणि सल्लागार म्हणून एक किरकोळ अंगाचा, पंचेचाळिशी उलटलेला माणूस होता. बोलणी फिसकटली, आणि त्यानंतर त्या माणसाने साठ जणांची भाषा पुन्हा केली नाही.

तुसाँ

तो ब्रेदाच्या मळ्यावर जन्मला म्हणून तुसाँ ब्रेदा. घोडे आणि जडीबुटी, दोन्हींचा जाणकार; मळ्याचा गाडीवान. लिहिता-वाचता येई. उठावाच्या पंधराएक वर्षं आधीच तो मुक्त झाला होता, आणि मधल्या काळात त्याने कॉफीचा एक लहानसा मळा त्यावरच्या गुलामांसकट भाड्याने घेऊन कसला होता, हेही कागदोपत्री आहे. त्याला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची वाटते. मला तसं वाटत नाही. मालकीची चव चाखलेल्या माणसाने मालकी मोडायला निघावं, यात त्याची थोरवी कमी होण्यासारखं काय आहे?

१७९३ मध्ये फ्रान्सने राजाचं डोकं उडवलं आणि स्पेन व ब्रिटनशी युद्ध जुंपलं. बेटाच्या पूर्वेकडच्या स्पॅनिशांनी बंडखोर गुलामांना हत्यारं आणि हुद्दे दिले. तुसाँही त्यांच्याकडे गेला. ब्रिटिश सैन्य किनाऱ्यावर उतरण्याच्या बेतात होतं, मळेवाले त्याच्या स्वागताला तयार होते. फ्रेंच प्रजासत्ताकाचा आयुक्त सोंतोना याच्या हाती मूठभर शिपाई उरले. वसाहत वाचवायची तर सैन्य हवं आणि सैन्य होऊ शकणारी माणसं होती ती फक्त गुलाम. २९ ऑगस्ट १७९३ ला त्याने उत्तर प्रांतातल्या सगळ्या गुलामांना मुक्त जाहीर केलं. त्याच तारखेचं तुसाँचं एक पत्रकही आहे. त्यात तो आपलं नवं नाव सांगतो, लुव्हेर्त्यूर, म्हणजे वाट उघडणारा, आणि आपण सर्वांच्या मुक्तीसाठी लढतो आहोत, असं बजावतो.

सोंतोनाच्या या घोषणेचं श्रेय फ्रेंच तत्त्वज्ञानाला देण्याची एक रीत आहे. तत्त्वज्ञान होतं, नाही कोण म्हणतं. पण दोन वर्षं डोंगरात लढणारी माणसं नसती तर ते पुस्तकातच राहिलं असतं. ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने सर्व फ्रेंच वसाहतींतली गुलामी रद्द केली, तेव्हा सभागृहात सँ-दोमँगचा प्रतिनिधी म्हणून झाँ-बातिस्त बेले बसला होता. सेनेगलमधून लहानपणी गुलाम म्हणून आणलेला माणूस. म्हणजे आधी बेटावर झालं आणि मग पॅरिसने त्यावर शिक्का मारला.

गुलामाचा सेनापती होणं आपल्याला नवं नाही. मलिक अंबर हबसाणातून विकला जाऊन दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. ज्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं ती त्यानेच वसवली. पण अंबर वर चढला तरी गुलामांचा बाजार चालूच राहिला. तुसाँच्या बाबतीत बाजारच उठला. म्हणून त्याची तुलना शूर हबशी सरदारांशी करणं अपुरं पडतं.

फ्रान्सने मुक्ती मान्य करताच तुसाँ १७९४ च्या मे महिन्यात स्पेनला सोडून फ्रेंचांकडे आला. पुढच्या सात वर्षांत त्याने स्पॅनिशांना हटवलं, १७९८ मध्ये ब्रिटिशांना बेट सोडायला लावलं, दक्षिणेतल्या वर्णीयांचा नेता रिगो याचा पाडाव केला आणि १८०१ मध्ये बेटाचा पूर्व भागही ताब्यात घेतला. त्याच वर्षी त्याने वसाहतीसाठी राज्यघटना लिहून घेतली: गुलामी कायमची रद्द, आणि तुसाँ तहहयात गव्हर्नर.

इथे या गोष्टीतली सगळ्यात अवघड जागा येते. मुक्त झालेल्या माणसाला काय हवं होतं? स्वतःचा जमिनीचा तुकडा, त्यावर केळी, रताळी, कसावा, दोन कोंबड्या, आणि कुणाचा भोंगा नाही. तुसाँला काय हवं होतं? बंदुका आणि दारूगोळा. तो मिळायचा तर निर्यात हवी, निर्यात म्हणजे साखर-कॉफी, आणि साखर म्हणजे मोठे मळे आणि पुन्हा तीच रात्रपाळी. त्याने लोकांना मळ्यांवर परत पाठवलं, उत्पन्नाचा चौथा हिस्सा मजुरी म्हणून दिला, चाबकावर बंदी घातली. पण मळा सोडून जायला मनाई केली आणि जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी केली. १८०१ मध्ये उत्तरेत शेतमजूर उठले. त्यांची बाजू घेतल्याच्या आरोपावरून तुसाँने आपल्या पुतण्याला, जनरल मोईजला, गोळी घालून मारलं. तुसाँचं पतन फ्रेंच तोफांच्या आधी इथेच सुरू झालं, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे.

डास, पाऊस आणि एक गाणं

१८०१ च्या अखेरीस नेपोलियन बोनापार्टने आपला मेव्हणा जनरल लक्लेर याला वीसेक हजार सैन्य देऊन पाठवलं. बरोबर छुपा हुकूम: आधी गोड बोला, मग काळ्या अधिकाऱ्यांना पकडून बोटीत घाला. गुलामी परत आणण्याचा शब्द कुणी उच्चारायचा नव्हता. ताफा दिसताच ल कापचा सेनाधिकारी आँरी क्रिस्तोफ याने शहर फ्रेंचांच्या हाती देण्याऐवजी जाळून टाकलं. आग लावायला सुरुवात केली ती स्वतःच्या घरापासून.

१८०२ च्या मार्चमध्ये क्रेत-आ-पिएरो या टेकडीवरच्या गढीला फ्रेंचांनी वेढा घातला. रात्री गढीतून गाण्याचा आवाज येई. फ्रेंच शिपाई कान देऊन ऐकत. आतले काळे सैनिक फ्रेंच क्रांतीची गाणी गात होते. एका फ्रेंच अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलं आहे, की ते ऐकून आपले शिपाई वरिष्ठांच्या तोंडाकडे पाहू लागले: मग आपण कुठल्या बाजूला आहोत? गढी अखेर फ्रेंचांना मिळाली, पण तुसाँचा सेनानी झाँ-झाक देसालीन याची माणसं वेढा फोडून निसटली.

तुसाँने देसालीनला लिहिलेल्या एका पत्राचा मथितार्थ असा: पावसाळ्यापर्यंत धीर धर, तोवर जाळत राहा. त्याला पक्कं ठाऊक होतं की पाऊस सुरू झाला की युरोपातून आलेली माणसं पिवळ्या तापाने पटापट मरतात. हा ताप डासामुळे पसरतो, हे सिद्ध व्हायला शंभर वर्षं लागणार होती. तो डास घराजवळच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि साखरेच्या मळ्यांवर साखरेतली मळी निथळण्यासाठी वापरायची मातीची मडकी हजारोंनी असत. हंगाम सरला की ती रिकामी, उघड्यावर, पावसाने भरलेली. बेटावर वाढलेल्यांना लहानपणीच ताप येऊन गेलेला असे, त्यांना तो पुन्हा होत नसे. नवख्या फ्रेंच सैनिकाला मात्र आठवडाभरात गाठे. पाठवणी चालूच राहिली, एकूण आकडा चाळीस हजारांच्या वर गेला. त्यातले बहुतेक परतले नाहीत. नोव्हेंबरात खुद्द लक्लेर त्याच तापाने गेला.

तोवर तुसाँ बेटावर नव्हता. मे महिन्यात त्याने हत्यार खाली ठेवलं होतं, ७ जूनला बोलण्याच्या मिषाने बोलावून त्याला पकडलं, कुटुंबासह फ्रान्सला नेलं आणि ज्युरा पर्वतातल्या फोर दे जू या थंडगार किल्ल्यात एकट्याला कोंडलं. जळणाची लाकडंसुद्धा मोजून. ७ एप्रिल १८०३ ला तो तिथे मेला.

नेपोलियनचा हिशेब एका बातमीने बिघडवला. शेजारच्या ग्वादलूप बेटावर फ्रेंचांनी गुलामी परत लादली, ही खबर १८०२ च्या उन्हाळ्यात सँ-दोमँगला पोचली. लक्लेरकडे गेलेले देसालीन, क्रिस्तोफ आणि वर्णीयांचा सेनानी पेतियों, तिघेही पुन्हा उलटले. या वेळी काळे आणि वर्णीय एकत्र. लक्लेरच्या जागी आलेल्या रोशाँबोने क्यूबातून माणसं फाडायला शिकवलेले कुत्रे मागवले. त्यामुळे लोक अधिकच पेटले. फ्रेंचांनी आणलेल्या पोलिश पलटणीतले काही शिपाई बंडखोरांना जाऊन मिळाले. १८ मे १८०३ ला आर्काए इथे देसालीनने फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून काढला आणि निळा-तांबडा जोडून घेतला, असं हैतीत सांगतात. १८ नोव्हेंबरला ल कापजवळच्या व्हेर्तिएरच्या लढाईत कापवा नावाचा अधिकारी घोडा पडला तरी पायी पुढे धावत राहिला. फ्रेंचांनी क्षणभर गोळीबार थांबवून त्याला मानवंदना दिली, ही आख्यायिका तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. दुसऱ्याच दिवशी रोशाँबोने शरणागतीवर सही केली.

१ जानेवारी १८०४ ला गोनाईव्ह गावात स्वातंत्र्य जाहीर झालं. देशाला नाव दिलं ते संपवून टाकलेल्या ताइनोंच्या भाषेतलं: आयती, डोंगराळ भूमी. ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही त्यांचा वारसा पुढे चालवणारं हे नामकरण मला या सगळ्या क्रांतीतलं सर्वांत सुंदर कृत्य वाटतं. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही दर १ जानेवारीला घरोघरी लाल भोपळ्याचं सूप करतात. मळ्यावर ते शिजवायचं गुलामांनी आणि प्यायचं मालकांनी, अशी रीत होती म्हणतात. २०२१ मध्ये युनेस्कोने या सुपाची नोंद मानवी वारशात केली.

त्यानंतरच्या चार महिन्यांत देसालीनच्या हुकमाने बेटावर उरलेले फ्रेंच गोरे, तीन ते पाच हजार माणसं, बायकामुलांसह कापली गेली. यावर पांघरूण घालू नये. रोशाँबोच्या कुत्र्यांनी ते न्याय्य ठरत नाही. पोलिशांना, काही जर्मनांना आणि डॉक्टरांना वगळलं गेलं. १८०५ च्या राज्यघटनेत एक अजब कलम आहे: या देशाचे सगळे नागरिक, वर्ण कुठलाही असो, ‘काळे’ म्हणून ओळखले जातील. म्हणजे नागरिकत्व मिळालेला सोनेरी केसांचा पोलिश शिपाईही कायद्याने काळा. गोऱ्यांनी शतकभर रक्ताच्या अंशांचे तक्ते करून माणसं वाटली होती, त्यावर हा उतारा.

बिल

जगाने हा देश ओळखायला नकार दिला. बेट हातचं जाणार हे दिसल्यावर नेपोलियनला अमेरिका खंडातल्या लुइझियानात रस उरला नाही. १८०३ मध्येच त्याने तो एकवीस लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश दीड कोटी डॉलरना, फ्रेंच हिशेबाने आठ कोटी फ्रँकना, अमेरिकेला विकला. अमेरिकेचं क्षेत्रफळ दुप्पट झालं. हैतीला तिने मान्यता दिली १८६२ मध्ये, लिंकनच्या काळात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना, आणि आपल्याकडे आजही गुलामीचा अंत म्हटलं की लिंकनच आठवतो. हैतीच्या गुलामांनी ते काम सत्तर वर्षं आधी, स्वतःच्या हाताने केलं होतं. लॅटिन अमेरिकेत स्पेनशी लढणारा बोलिव्हार पराभूत होऊन हैतीत आला तेव्हा पेतियोंने त्याला बंदुका, जहाजं आणि माणसं दिली. मोबदल्यात एवढंच मागितलं, की जो प्रदेश मुक्त कराल तिथले गुलाम सोडा.

३ जुलै १८२५ ला पोर्त-ओ-प्रिन्सच्या बंदरात फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याचा दूत एक हुकूमनामा घेऊन आला. मागच्या ताफ्यात चौदा युद्धनौका आणि पाचशेच्या आसपास तोफा. हुकूमनामा सांगत होता: फ्रान्स तुम्हाला स्वातंत्र्य बहाल करत आहे, त्यापोटी जुन्या मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून पंधरा कोटी फ्रँक, पाच वार्षिक हप्त्यांत, शिवाय फ्रेंच जहाजांना जकात निम्मी. एकवीस लाख चौरस किलोमीटरच्या लुइझियानाला आठ कोटी आणि कोकणाएवढ्या, जळून गेलेल्या देशाला पंधरा. आणि मळ्यांची किंमत ठरवताना जमीन, इमारती यांच्याबरोबर त्यावरची माणसंही धरलेली होती. वहीतला तो शेवटचा रकाना इथे परत आला. ज्याला विकत आणलं होतं, त्यानेच आता स्वतःची किंमत मालकाला चुकती करायची होती.

नाक दाबलं की तोंड उघडतं. राष्ट्राध्यक्ष ब्वायेने आठवडाभरात होकार दिला. पहिला हप्ता तीन कोटींचा, तिजोरीत तेवढे पैसे नाहीत. म्हणून फ्रेंच सावकारांकडूनच तीन कोटींचं कर्ज काढलं. सावकारांनी आपलं कमिशन आधीच कापून घेतलं, हाती आले दोन कोटी चाळीस लाख. बाकीचे साठ लाख तिजोरी खरवडून भरले. भरपाई एक आणि भरपाईसाठी काढलेलं कर्ज दुसरं. आपल्याकडच्या कुठल्याही कर्जबाजारी शेतकऱ्याला हा चक्रव्यूह समजावून सांगावा लागणार नाही. पैसे उभे करायला ब्वायेने १८२६ मध्ये ग्रामीण कायदा आणला आणि शेतकऱ्याला पुन्हा कॉफीच्या मळ्याला बांधलं. १८३८ मध्ये फ्रान्सने एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली. ते फेडायला नवी कर्जं निघाली, ती फेडायला आणखी. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेच्या सैनिकांनी हैतीच्या बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं आणि पुढच्याच वर्षी देशच ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत. या काळात जुनी फ्रेंच कर्जं फेडण्यासाठी न्यूयॉर्कच्या बँकेचं नवं कर्ज काढलं गेलं. शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या वाट्याला येणारा पैसा सव्वाशे वर्षं समुद्रापार जात राहिला. आजच्या हैतीकडे बोट दाखवून ‘यांना राज्य करता येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी ही खातेवही उघडावी.

२००३ मध्ये हैतीचे राष्ट्राध्यक्ष अरिस्तिद यांनी हे पैसे फ्रान्सकडे परत मागितले, व्याजासह सुमारे २,१७० कोटी डॉलर. १७ एप्रिल २०२५ ला, त्या हुकूमनाम्यावर राजाने सही केल्याला बरोबर दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैसे परत करू, असं काही ते म्हणाले नाहीत. सध्या हे घोंगडं तसंच भिजत आहे. १८२५ मध्ये सुरू झालेल्या कर्जाच्या साखळीतलं शेवटचं कर्ज हैतीने मात्र कधीच फेडून टाकलं, १९४७ साली.